क्रूझनंतर अथेन्समधला पहिला दिवस: उन्हाची वेळ सांभाळून कसा आखावा

ग्रीक बेटांची क्रूझ संपवून पिरेअस बंदरात उतरलेली बहुतेक जोडपी त्याच सकाळी अॅक्रोपोलिसकडे, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीकडे, धाव घेतात आणि तिथेच दिवसाचे गणित चुकते. जहाजावरून उतरणे, टॅक्सी मिळवणे, हॉटेलात सामान टाकणे आणि रांगेत उभे राहणे यांत सकाळ निघून जाते आणि ऐन दुपारी दोघे त्या उघड्या खडकावर, सावली जवळजवळ नसलेल्या ठिकाणी उभे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सचे तापमान ३५ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे आणि उष्णतेची लाट असली, तर ते चाळिशी गाठते. अशा लाटेत, जुलै २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये, अॅक्रोपोलिस दुपारच्या तासांत पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले होते. म्हणून पहिल्या दिवसाची आखणी उलट्या क्रमाने करावी: सकाळी सपाट रस्ते, दुपारी संग्रहालय आणि टेकडी संध्याकाळी.

यामागे घड्याळाचेही एक कारण आहे. उन्हाळ्यात ग्रीसची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे अथेन्समध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास. मुंबईत त्या दिवसांत तो साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान माथ्यावर येतो. म्हणजे आपल्या सवयीने ‘चार वाजले, आता ऊन उतरले असेल’ असे म्हणून बाहेर पडले, तर प्रत्यक्षात दिवसातला सर्वांत तापलेला काळ वाट्याला येतो. बाहेरच्या कामांसाठी सहापर्यंत थांबावे. जून-जुलैमध्ये सूर्यास्त साडेआठ ते नऊच्या दरम्यान होतो, तेव्हा संध्याकाळ पुरत नाही अशी धास्ती नको.

निघण्याआधीची दोन कामे

पहिले काम व्हिसाचे. ग्रीसमधून निघणाऱ्या अनेक क्रूझ तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरात थांबतात. तुर्कस्तान शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नसल्यामुळे तिथे गेल्यावर तुमचा शेंगेनमधला मुक्काम तांत्रिकदृष्ट्या संपतो आणि अथेन्सला परतताना नव्याने प्रवेश करावा लागतो. भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर हा प्रश्न बंदरावर उभा राहतो आणि तिथे त्याला उत्तर नसते. अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि त्यासोबत क्रूझचा पूर्ण मार्ग जोडावा.

दुसरे काम अॅक्रोपोलिसच्या तिकिटाचे. प्रवेशाची वेळ ठरवून दिलेली असते आणि दिवसाला किती जणांना सोडायचे यावर २०२३ पासून मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० यूरो झाले आहे. ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून संध्याकाळी सहाच्या आसपासचे तिकीट आधीच काढून ठेवावे. उन्हाळ्यात, ऑगस्टअखेरपर्यंत, हे स्थळ रात्री ८ पर्यंत उघडे असते. सप्टेंबरपासून बंद होण्याची वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे येते, तेव्हा त्या महिन्यात जाणाऱ्यांनी वेळ तपासून थोडे आधीचे तिकीट घ्यावे.

जहाजावरची शेवटची रात्र

मोठ्या बॅगा आदल्या रात्री टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या दुसऱ्या दिवशी थेट टर्मिनलवरच हाती येतात. त्यामुळे पासपोर्ट, रोजची औषधे, सुती कपड्यांचा एक जोड, टोपी, गॉगल आणि पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या हातातल्या पिशवीत राहू द्याव्यात. मीठ-साखरेची पाकिटे भारतातून नेलेली असतील, तर तीही याच पिशवीत ठेवावीत. आठवडाभर जहाजावर राहिल्यावर शरीराला गार केबिनची आणि दर काही तासांनी समोर येणाऱ्या खाण्याची सवय झालेली असते. शिवाय जमिनीवर पाय ठेवल्यावर काही तास पायांखालचे हलते आहे असा भास अनेकांना होतो. तो घाबरण्यासारखा नसला, तरी गुळगुळीत दगडी पायऱ्या सकाळी टाळण्याचे ते आणखी एक कारण आहे.

बंदर ते हॉटेल

जहाजावर भरपेट नाश्ता करूनच उतरावे. पिरेअसपासून अथेन्सच्या मध्यभागी जायला मेट्रो आहे. हिरवा मार्ग मोनास्तिराकीला जातो आणि २०२२ मध्ये पिरेअसपर्यंत आलेला निळा मार्ग मोनास्तिराकीवरून पुढे सिंटाग्माला व विमानतळाकडे जातो. शहराच्या हद्दीत ९० मिनिटे चालणारे तिकीट १.२० यूरोला मिळते. मात्र क्रूझ टर्मिनलपासून मेट्रो स्थानक बरेच दूर आहे आणि दोन मोठ्या बॅगा ओढत ते अंतर उन्हात चालण्यात शहाणपण नाही. दोघांसाठी पिवळी टॅक्सी सरळ हॉटेलपर्यंत करावी. मीटर चालू आहे आणि त्यावर १ हा आकडा दिसतो आहे, एवढे पाहून घ्यावे. २ हा रात्रीचा, जास्तीचा दर असतो आणि तो मध्यरात्र ते पहाटे ५ या वेळेत लागू होतो.

हॉटेलची खोली सहसा दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही, पण सामान रिसेप्शनवर ठेवून घेतात. तिथेच कपडे बदलावेत, बाटल्या नळावर भराव्यात (अथेन्सचे नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे) आणि बाहेर पडावे. एक अवघड वाटणारी गोष्टही इथेच सांगून टाकतो: जुन्या शहरातली सांडपाण्याची नळी अरुंद असल्यामुळे शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो.

सकाळ: सपाटीवर आणि सावलीत

सुरुवात सिंटाग्मा चौकातून करावी. संसदेसमोर अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी दर तासाला पहारा बदलतो. झगा आणि गोंडे लावलेले जड जोडे घातलेले ते पहारेकरी पाय अतिशय सावकाश उचलतात. दहा मिनिटांचा सोहळा आहे, पण तो उन्हात उभे राहून पाहावा लागतो. म्हणून तास भरायच्या जरासेच आधी पोहोचावे आणि लगेच शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या सावलीत शिरावे.

तिथून एरमू या पादचारी रस्त्याने मोनास्तिराकीकडे उतरत जावे. रस्ता कपड्यांच्या दुकानांचा आहे, पण त्याच्या ऐन मध्ये काप्निकारेआ हे अकराव्या शतकातले छोटेसे बायझंटाइन चर्च उभे आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून पुढे जातो. जाड भिंतींमुळे आत हवा चांगलीच गार असते. मोनास्तिराकीच्या मेट्रो स्थानकात खोदकामाच्या वेळी सापडलेला एरिदानोस या प्राचीन नदीचा बांधीव पाट उघडा ठेवला आहे. तो पाहायला फार कमी लोक थांबतात, जरूर थांबावे. याच स्थानकात आणि मेट्रोच्या डब्यांत खिसेकापूंपासून जपावे लागते. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, पैसे पुढच्या खिशात आणि फोन हातात धरून दाराजवळ उभे न राहणे, एवढे पाळले की पुरते.

प्लाका या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत खरेदीचा मोह होणारच. एकाला दुकाने पाहायची असतात आणि दुसऱ्याला बसायचे असते, हा प्रसंग जवळपास प्रत्येक जोडप्यावर येतो. भेटण्याचा चौक आणि वेळ ठरवून तासभर वेगळे व्हायला हरकत नाही. ज्याला बसायचे आहे त्याने ‘फ्रेडो एस्प्रेसो’ ही फेस आणलेली बर्फाळ कॉफी मागवावी. तिच्यासोबत पाण्याचा पेलाही बहुधा न मागता येतो.

दुपार: जेवण आणि संग्रहालय

एकच्या सुमारास जेवायला बसावे. शाकाहारी मराठी प्रवाशाने ग्रीसमध्ये चीज-टोमॅटोवर दिवस काढण्याचे कारण नाही. ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांचा ‘लादेरा’ नावाचा एक पूर्ण वर्गच तिथल्या घरगुती खाणावळींत असतो. टोमॅटोतली भेंडी (‘बामिएस’), फरसबी (‘फासोलाकिया’), मोठ्या पांढऱ्या वालांसारखे ‘गिगान्देस’ आणि पिवळ्या डाळीचा ‘फावा’, जो चवीला दाट, गार वरणासारखा लागतो. भात भरलेले टोमॅटो, म्हणजे ‘गेमिस्ता’, मागवताना त्यांत खिमा नाही ना, हे विचारून घ्यावे. जड जेवणावर थंड बिअर घेऊन उन्हात निघणे मात्र टाळावे.

जेवणानंतर अॅक्रोपोलिस संग्रहालय. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत वातानुकूलित आहे आणि तिथे तीन तास सहज जातात. सोमवारी ती लवकर, म्हणजे संध्याकाळी ५ ला बंद होते, तेव्हा तुमचा दिवस सोमवार असेल, तर जेवण आटोपते घ्यावे. प्रवेशापाशीच काचेच्या जमिनीखाली खोदकामात सापडलेली जुनी वस्ती दिसते. पहिल्या मजल्यावर एरेक्थिऑन मंदिराचे छत डोक्यावर पेलणाऱ्या कॅरिअॅटिड या स्त्रीमूर्ती आहेत. मूळ सहांपैकी पाच इथे आहेत आणि सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोक या मूर्ती समोरून पाहून पुढे जातात, पण त्यांच्या मागे जावे. चेहरे काळाने झिजले आहेत, तरी पाठीवर सोडलेल्या जाड वेण्यांचा पेड न् पेड अजून मोजता येतो. त्या वेण्यांमुळे मानेला जाडी मिळते आणि छताचा भार तोलला जातो, हे मागून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत वरचे दालन टेकडीवरच्या पार्थेनॉन या मुख्य मंदिराच्याच दिशेने वळवून बांधले आहे. मंदिराभोवतीची शिल्पपट्टी इथे मूळ क्रमाने लावली आहे. पिवळसर दिसणारे दगड अस्सल आणि पांढरेफटक दिसणाऱ्या लंडनला गेलेल्या भागांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत, हे एकदा लक्षात आले की किती गेले आणि किती उरले ते आपोआप दिसते. काचेपलीकडे वर टेकडीवर मंदिर आहे. हे दालन आधी पाहिले, तर वर गेल्यावर रिकाम्या भिंतींवर काय होते ते डोळ्यांपुढे येते, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा संग्रहालय आधी, टेकडी नंतर असा क्रम मी सुचवेन. साडेपाचला बाहेर पडण्यापूर्वी बाटल्या पुन्हा भरून घ्याव्यात.

संध्याकाळ: टेकडी

संग्रहालयाजवळच्या आग्नेय दरवाजाने वर चढावे. ही वाट डायोनिससच्या नाट्यगृहावरून जाते, तिथे पश्चिमेच्या मुख्य दरवाजापेक्षा गर्दी कमी असते आणि चढ हळूहळू येतो. शतकानुशतकांच्या पावलांनी संगमरवर गुळगुळीत झाला आहे, तेव्हा सपाट तळव्याच्या चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चढताना नव्हे, उतरताना जोडीदाराचा हात धरावा. घसरण्याचा धोका उतरताना अधिक.

पार्थेनॉन इसवीसनपूर्व ४४७ मध्ये बांधायला घेतले आणि ४३२ मध्ये त्याचे शिल्पकाम पुरे झाले. पुढे ते चर्च झाले, मग मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. आज दिसणारी मोठी पडझड मुख्यतः त्या एका दिवसाची आहे. सातनंतर ऊन तिरपे होते, खांबांचा रंग पांढऱ्यावरून मधाकडे झुकतो आणि पश्चिमेला समुद्राची पट्टी चमकू लागते. त्याच बाजूला सकाळी सोडलेले पिरेअस बंदर आहे.

आठला पहारेकरी शिट्ट्या वाजवून सर्वांना खाली पाठवू लागतात. पश्चिम दरवाजाने बाहेर पडले की समोरच आरेओपागोस हा खडक आहे. तिथून सूर्यास्त छान दिसतो, पण कोरलेल्या जुन्या पायऱ्या भयंकर निसरड्या असल्यामुळे शेजारच्या लोखंडी जिन्यानेच चढावे. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात, त्यामुळे घाई नसते. थिसिओ या वस्तीच्या बाजूला उतरून एखाद्या खाणावळीत बाहेरचे टेबल धरावे. परतताना मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत मिळते, आणि टॅक्सी करायची असेल, तर बारा वाजण्याआधी करावी, म्हणजे मीटरवर १ चाच दर राहतो.