आईला टॅब्लेट देण्याआधी

व्हिडिओ कॉलसाठी आणलेला टॅब्लेट अजून खोक्यातच राहू द्या. त्याआधी एक कागद घ्या आणि एकट्या राहणाऱ्या आईसमोर बसा. आई नसेल तर वडील, आजी, मावशी, ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे ते. विचारा, कोणाशी बोलावंसं वाटतं? यादीत तुमचं नाव पहिलं असेल असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा शाळेतली मैत्रीण निघते, जुन्या ऑफिसातले सहकारी निघतात, घर बदलून गेलेली शेजारीण निघते. त्यातले निदान तिघे-चौघे शोधून काढा, त्यांचे आत्ताचे नंबर मिळवा आणि तिचा फोन आला तर बोलाल ना, कोणत्या वेळी बरं पडेल, हे त्यांना आधी विचारून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन आठवडेही लागतील. पण पलीकडे उचलणारं कोणी नसेल तर महागातलं यंत्रही महिन्याभरात कपाटात जातं.

त्याच बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारून घ्या. सोबतीची उणीव किती वेळा भासते? आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? हे प्रश्न एकटेपणा मोजण्यासाठी संशोधक 2004 पासून वापरत आले आहेत. ‘क्वचितच’ला एक गुण, ‘कधीकधी’ला दोन, ‘बरेचदा’ला तीन, बेरीज तीन ते नऊच्या मध्ये येते. आकडा तारखेसह लिहून ठेवा. एकटं राहणं आणि एकटं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मुलं पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 च्या अहवालात जगातल्या सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो असं नोंदवलं; त्यात तरुणांचं प्रमाणही मोठं आहे. तेव्हा एकाकी असेल ती आईच, असंही नाही. कदाचित तिचा आकडा तीन येईल आणि तुमचा सात.

आता कान. या टप्प्यावर घाई करू नका, कारण बरेच व्हिडिओ कॉल इथेच फसतात. वयानुसार कमी होणारं ऐकणं आधी उंच पट्टीतल्या आवाजांवर घाला घालतं. स्वर कानावर पडतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं विरून जातात. ‘आवाज येतोय, पण काय म्हणालास कळलं नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. आवाज वाढवून फारसं काही होत नाही, समोरच्याचे ओठ दिसले तर बराच फरक पडतो. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसू नका, नाहीतर तिला तुमची फक्त काळी आकृती दिसते. घरातला टीव्ही बंद ठेवा. नातवंडांना सांगा, आजीचं वाक्य संपलं की क्षणभर थांबायचं, कारण नेटवर आवाज उशिरा पोचतो आणि दोघं एकदमच बोलू लागतात. श्रवणयंत्र असेल तर ते ब्लूटूथने जोडलं जातं का, ते आधीच तपासा. ऐकण्याची तपासणी राहिली असेल तर टॅब्लेटची खरेदी पुढे ढकला आणि आधी ती करून घ्या.

मग हात. म्हाताऱ्या बोटांची त्वचा कोरडी असते, आणि स्पर्शाचा पडदा बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालतो. त्यामुळे हलका स्पर्श कधीकधी त्याला कळतच नाही. मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो, पडदा त्याचा अर्थ ‘दाबून धरलं’ असा लावतो आणि ॲपची चित्रं हलायला लागतात. माझ्या मावशीने अशाच प्रकारे कॉल करायचं ॲपच पुसून टाकलं होतं आणि आम्ही सगळे आठवडाभर ‘ती फोन उचलत नाही’ म्हणून चिडलो होतो. सेटिंगमधल्या सुलभतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) भागात दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो, तो वाढवा. रबरी टोकाची लेखणी सोबत द्या. आयफोन-आयपॅडवर 2023 पासून मोजकी मोठी बटणं दाखवणारी सोपी मांडणीही मिळते. अक्षरं मोठी केल्यावर कॉलचं हिरवं बटण पडद्याबाहेर तर जात नाही ना, ते स्वतः पाहा.

बाकीचं पटापट उरका. ती रोज ज्या खुर्चीत बसते तिथे वाय-फाय पोचतं का, ते त्याच खुर्चीत बसून पाहा. स्टँड आणि चार्जर तिथेच हवेत. टॅब्लेटवरचं खातं तिच्या नावाचं काढा, तुमच्या नाही. अपडेट तुम्ही शेजारी असताना करा, नाहीतर एके सकाळी सगळी बटणं जागा बदलून बसलेली असतात.

शिकवताना दोनच गोष्टी शिकवा, आलेला कॉल घेणं आणि स्वतः कॉल करणं. टॅब्लेट तिच्या हातातून काढून घ्यायचा मोह होईल, तो आवरा. कृती तिने तिच्या वहीत, तिच्या शब्दांत लिहू द्या. ‘हिरवा गोळा दाबायचा’ हे तुमच्या छापील सूचनांपेक्षा तिला जास्त कळतं.

फसवणुकीबद्दल बोलणं टाळू नका. दिवसभर कोणी बोललेलं नसतं, तेव्हा गोड बोलणारा अनोळखी माणूसही हवासा वाटतो, आणि ठगांना हे चांगलंच ठाऊक असतं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, कोणाच्या सांगण्यावरून नवं ॲप घ्यायचं नाही. आता आवाजाची नक्कलही करता येते, म्हणून घरच्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवा. आणि चूक झालीच तर रागावणार नाही, हे आजच कबूल करा. रागाच्या भीतीनेच अशा गोष्टी लपवल्या जातात.

पडल्यावर इशारा देणारं घड्याळ, दार उघडल्याची नोंद घेणारी यंत्रणा हवी असेल तर तिला विचारून बसवा. पण ही यादी वेगळी ठेवा. त्याने तुमची काळजी कमी होते, तिचा एकटेपणा नाही. उलट ‘हालचाल दिसतेय, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणत फोन करणं राहून जातं. आवाजी हुकमावर चालणाऱ्या बोलक्या सहायक यंत्रांबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे: रात्री दोन वाजता गाणं लावायला ते बरे, पण कागदावरच्या नावांमध्ये त्यांना धरू नका.

दोन महिन्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा आणि तिच्या परवानगीने कॉलची यादी उघडा. आलेले कॉल किती, हे सोडा. तिने स्वतःहून किती केले आणि कोणाला केले, ते बघा. सगळे तुम्हालाच असतील तर खोक्यातल्या वस्तूला दोष न देता त्या पहिल्या कागदाकडे परत या. आणि वही चाळा, तुम्ही न दिलेला एखादा नंबर तिच्या अक्षरात लिहिलेला आहे का.