नळ बंद पडण्याआधी: महापुरात घरी पाणी कसे साठवावे

सांगलीत महापूर येतो तेव्हा कृष्णा दारात उभी असते आणि नळाला मात्र थेंब नसतो. पाणी उपसणारे पंप बुडतात, सुरक्षिततेसाठी वीज बंद करावी लागते आणि मग गच्चीवरची टाकी भरणारी मोटारही चालत नाही. त्यामुळे साठवणीचे काम पूर येण्याआधीच उरकावे लागते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. पातळी 35 फुटांवर पोहोचली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की घरातले प्रत्येक भांडे भरायला घ्यावे, असा माझा नियम आहे. पूर आलाच नाही तर धुणे त्याच पाण्यात होते, नुकसान काहीच नाही.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज 4 लिटर धरले, तर चौघांच्या घराला पाच दिवसांसाठी 80 लिटर, म्हणजे 20 लिटरचे चार जार लागतात. वापरायचे पाणी याहून कितीतरी अधिक लागते, परंतु ते तितके स्वच्छ नसले तरी चालते. हे दोन साठे पहिल्यापासून वेगळ्या जागी ठेवावेत, कारण घाईत पिण्याच्या हंड्यातले पाणी संडासात जाते आणि तिसऱ्या दिवशी त्याची आठवण होते.

पिण्याच्या पाण्यासाठी स्टीलची पिंपे, कळशा, कुकर, झाकणाची पातेली आणि धान्य काढून घासलेले डबे उत्तम. तेलाचे कॅन कितीही धुतले तरी वास सोडत नाहीत, म्हणून ते वापराच्या पाण्याला ठेवावेत. द्राक्षबागेच्या शेडमधली फवारणीची बॅरले मात्र भांडी घासण्याच्या पाण्यासाठीसुद्धा घेऊ नयेत; तीनदा धुतल्याने औषध जाते, हा समज घातक आहे.

भांडी संपल्यावर खरी युक्ती लागते. बादली, टब किंवा कपड्यांची मजबूत टोपली घेऊन तिच्यात प्लास्टिकची नवी, जाड पिशवी उलगडावी, काठावरून बाहेर दुमडावी आणि भरून झाल्यावर तोंड पिळून सुतळीने बांधावे. 2019 साली मी हाच प्रयोग पुठ्ठ्याच्या खोक्यात केला होता. पिशवीला बाहेरून दव सुटले, तळ भिजला आणि पहाटे सगळे पाणी स्वयंपाकघरभर पसरले. पिशवी पाणी अडवते, पण भार पेलायला बाहेरचे भांडेच भक्कम लागते. 1 लिटर पाण्याचे वजन 1 किलो असते, हे विसरून भरलेले टब टेबलावर किंवा दिवाणावर ठेवू नयेत. काळ्या कचरा-पिशव्यांतले पाणी पिऊ नये.

जुन्या घरांतली मोरी ही तर तयार टाकीच असते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चिंध्यांचा बोळा तोंडात घट्ट बसवला आणि कठडा पुरेसा उंच असला, तर 3 बाय 3 फुटांच्या मोरीत सहा इंच पाणी म्हणजे जवळपास 127 लिटर साठते. हे पाणी फक्त संडासासाठी, आणि हा उपाय फक्त वरच्या मजल्यावर करावा, कारण पुरात तळमजल्याच्या मोरीतून गटाराचे पाणी उलटे वर येते. याच कारणाने जमिनीखालच्या हौदातले पाणी वीज असेतोवर वरच्या टाकीत चढवून घ्यावे. हौदात पुराचे पाणी शिरले, तर तो उपसून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये.

पावसाचे पाणीही वाया घालवू नये. 10 बाय 10 फुटांच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने सुमारे 93 लिटर पाणी येते. पहिली दहा-पंधरा मिनिटे पत्रा धुऊन जाऊ द्यावा, मग पन्हाळीखाली चौपदरी सुती कापड बांधलेले पिंप ठेवावे. हे पाणी प्यायचे असेल तर खळखळून उकळावे किंवा क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी निवळू देऊन गाळावे, नाहीतर क्लोरिन गाळातच खर्ची पडते.

साठवलेले पाणी बहुधा आपल्याच हातांनी बिघडते. पिंपाला तोटी नसेल तर तोंडावर दादरा बांधावा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे आणि पेला बुडवणाऱ्या मुलांना प्रेमाने पण ठामपणे अडवावे. ‘शिळे’ म्हणून रोज सकाळी पाणी ओतून देण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. झाकलेले पाणी एका रात्रीत खराब होत नाही, त्यामुळे पुराच्या दिवसांत ती बाजूला ठेवावी. डास मात्र स्वच्छ साठ्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. म्हणून उघड्या साठ्यांवर जुने सुती लुगडे ताणून बांधावे आणि पूर ओसरताच प्रत्येक भांडे रिकामे करून आतली कड काथ्याने घासावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिल्यानंतरही तशीच राहतात.