रोशेलला मालगाड्या बघायला जाताय? मग हे वाचा

शिकागोकडे राहत असाल आणि घरात कुणाला मालगाड्यांचं वेड असेल तर इलिनॉयमधल्या रोशेलला नक्की जा, आय-८८ हायवेने पश्चिमेला साधारण १३० किमी. तिथल्या रेलरोड पार्कला तिकीट नाही, बसायला शेड आहे, आणि समोरच युनियन पॅसिफिक न् बीएनएसएफ या दोन रेल्वे कंपन्यांचे डबल ट्रॅक एकमेकांना आडवे कापतात. त्याला डायमंड म्हणतात, त्यावरून चाकं जाताना जो खडखडाट होतो ना तो खरंच ऐकण्यासारखा!

मालगाड्यांचं टाइमटेबल आपल्याला मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन तास हाताशी ठेवूनच निघा आणि हॉर्नकडे कान ठेवा, दोन लांब एक छोटा परत एक लांब असा वाजला की गाडी फाटकाजवळ आली समजायचं. पिवळं इंजिन युनियन पॅसिफिकचं, केशरी बीएनएसएफचं. आणि इंजिन गेलं म्हणून लगेच उठू नका, लांब गाडीला पुष्कळदा मधे किंवा शेवटी अजून एक इंजिन असतं, आत कुणीच नसतं, पुढच्या इंजिनातून रेडिओवर चालवतात. फोटोसाठीसुद्धा कुंपणापलीकडे जायचं नाही, ती कंपनीची खासगी जागा आहे. लहान मुलं असतील तर कानाला इअरमफ घ्याच.