रसायनशास्त्राच्या पदवीनंतर नोकरी शोधताना या चुका टाळा

गुणपत्रिका चांगली आहे, प्रकल्प वेळेत पूर्ण झाला आहे, तीस-चाळीस ठिकाणी अर्ज पाठवून झाले आहेत आणि तरीही मुलाखतीचे बोलावणे येत नाही, अशा वेळी रसायनशास्त्राचे विद्यार्थी बहुधा दोन निष्कर्ष काढतात: नोकऱ्याच उरलेल्या नाहीत, किंवा ओळखीशिवाय काही होत नाही. दोन्हींत थोडेफार तथ्य असेलही. पण असे अर्ज समोर ठेवून वाचले, तर अडचण बहुतेक वेळा त्या कागदावरच दिसते. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काय केले, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

अर्ज नेमका कुठे अडतो, हे न पाहता सगळेच बदलणे

प्रयोगशाळेत एचपीएलसीचा (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचा) दाब अचानक वाढला, तर जाणता माणूस कॉलम, पंप आणि डिटेक्टर एकदम बदलत नाही. तो एकेक जोड सोडवत जातो आणि दाब कोणत्या जागी उतरतो ते पाहतो. नोकरीच्या शोधातही हीच पद्धत लागू पडते. मुलाखतीपर्यंतच पोहोचता येत नसेल, तर दोष रेझ्युमेत किंवा पदाच्या निवडीत शोधावा. लेखी चाचणीत गळती होत असेल, तर बहुधा मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी, विरलीकरण, बफर आणि टायट्रेशनची गणिते कच्ची राहिलेली असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही गणिते शाळकरी वाटतात आणि नेमकी तीच त्यांची वाट अडवतात. तांत्रिक मुलाखतीत नकार येत असेल, तर स्वतःचा प्रकल्प सांगण्याची तयारी अपुरी असते. शेवटच्या फेरीत नकार येत असेल, तर कामाच्या पाळ्या, ठिकाण किंवा त्या पदाचे रोजचे स्वरूप यांविषयी उमेदवाराच्या मनात असलेली अस्पष्टता समोरच्याला जाणवलेली असते. केलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख, पद आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला याची साधी तक्ता-नोंद ठेवली, तर वीसेक अर्जांनंतर दुखणे कुठे आहे ते स्पष्ट होते.

पदाचे नाव वाचून अर्ज करणे

‘केमिस्ट’ या एका शब्दाखाली परस्परांपासून फार वेगळी कामे येतात. क्यूसीमध्ये (गुणवत्ता-नियंत्रणात) ठरलेल्या पद्धतीने नमुने तपासायचे असतात. तिथे कल्पकतेपेक्षा शिस्त, वेग आणि नोंदींची काटेकोरता यांना महत्त्व असते. क्यूएमधील (गुणवत्ता-हमी विभागातील) माणूस फारसे प्रयोग करत नाही. कार्यपद्धती, विचलनांच्या चौकशा आणि लेखापरीक्षणे हे त्याचे काम असते. विश्लेषण-विकास विभाग चाचणीची पद्धतच घडवतो आणि ती प्रमाणित करतो. संशोधन विभागात नवे रेणू बनवले जातात, तर प्रोसेस विभागात तोच रेणू सुरक्षितपणे आणि कमी खर्चात किलोंमध्ये कसा बनेल याचा शोध घेतला जातो. यांखेरीज नियामक कागदपत्रे, पेटंट, उपकरणांची तांत्रिक विक्री, वैज्ञानिक माहितीचे संपादन अशीही दालने आहेत, आणि रसायनशास्त्र पक्के असून लेखन चांगले असलेल्या माणसांची तिथे खरोखर गरज असते.

या सर्व पदांसाठी एकच रेझ्युमे पाठवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. क्यूसीच्या पदासाठी आलेल्या अर्जात पहिले अर्धे पान असममित संश्लेषणावरील प्रबंधाने भरलेले असेल, तर वाचणाऱ्याला वाटते की हा विद्यार्थी सहा महिन्यांत कंटाळून निघून जाईल. वर्षभर विभागात टायट्रेशन आणि यूव्हीची कामे सांभाळलेली असूनही ती शेवटच्या ओळीत ढकललेली असतात. जाहिरातीतील कामाचे वर्णन दोनदा वाचावे, त्यातील क्रियापदांखाली रेघ मारावी आणि त्यांपैकी जे आपण खरोखर केले आहे ते रेझ्युमेत वर आणावे. जे केलेले नाही ते लिहू नये.

‘उपकरणांचे ज्ञान’ अशी यादी देणे

या चुकीवर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण मुलाखतीचा सूर इथेच बिघडतो. एनएमआर, एचपीएलसी, जीसी-एमएस, आयआर, एक्सआरडी, एसईएम अशी विश्लेषण-उपकरणांची नावे रेझ्युमेवर एका ओळीत मांडलेली असतात. त्यांपैकी एनएमआरसाठी विद्यार्थ्याने नमुना नळीत भरून तंत्रज्ञाच्या हाती दिलेला असतो, एसईएमचे चित्र मार्गदर्शकांनी बाहेरून काढून आणलेले असते आणि एचपीएलसी प्रात्यक्षिकाच्या दिवशी लांबून पाहिलेले असते. पहिलाच प्रश्न कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाबद्दल येतो, “तुमच्या मोबाइल फेजचा पीएच किती होता आणि तोच का ठेवला होता?” त्यानंतरची शांतता उमेदवाराला महागात पडते, कारण यादीतल्या खऱ्या गोष्टींवरचाही समोरच्याचा विश्वास तिथे उडतो.

याऐवजी तीन पायऱ्या वेगळ्या लिहाव्यात: कोणते उपकरण स्वतः चालवले, कोणत्या उपकरणाच्या आलेखांचा अर्थ स्वतः लावला आणि कोणत्याची केवळ ओळख आहे. ‘एचपीएलसीचे ज्ञान’ या शब्दांपेक्षा ‘सी-18 कॉलमवर दोन घटकांच्या मिश्रणासाठी आयसोक्रॅटिक पद्धत बसवली, पाच तीव्रतांचा कॅलिब्रेशन आलेख काढला’ हे वाक्य कितीतरी अधिक सांगते. ‘प्रोटॉन आणि कार्बन एनएमआरवरून स्वतः बनवलेल्या बारा संयुगांची रचना निश्चित केली, नमुने तंत्रज्ञांनी चालवले’ असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट, तंत्रज्ञाचा वाटा प्रामाणिकपणे सांगणाऱ्या उमेदवाराच्या बाकीच्या शब्दांना वजन येते.

जे लिहिले त्याच्या बिघाडांची तयारीही करावी. अमाइनसारख्या क्षारधर्मी संयुगाच्या पीकला (आलेखातील शिखराला) शेपूट का येते, हा नेहमीचा प्रश्न आहे. सिलिकावर उरलेल्या सिलॅनॉल गटांशी अमाइनची आंतरक्रिया होते, म्हणून मोबाइल फेजचा पीएच कमी ठेवतात किंवा हे गट झाकलेला, म्हणजे एंड-कॅप केलेला, कॉलम घेतात, एवढे उत्तर पुरेसे असते. पण ते पाठांतरातून नव्हे, तर आपल्या एखाद्या बिघडलेल्या क्रोमॅटोग्रामच्या आठवणीतून आले, तर लगेच ओळखू येते.

जीएलपी आणि जीएमपी हे शब्द सैलपणे वापरणे

अनेक रेझ्युमेंवर ‘जीएलपीची माहिती’ असे असते आणि त्यामागचा अर्थ ‘प्रयोगशाळेत नीटनेटके काम करतो’ एवढाच असतो. प्रत्यक्षात जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) ही रसायने आणि औषधे यांच्या वैद्यकीय चाचणीपूर्व सुरक्षितता-अभ्यासांसाठीची गुणवत्ता-व्यवस्था आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिची तत्त्वे 1981 मध्ये स्वीकारली. औषधनिर्मिती आणि तिच्यातील क्यूसी प्रयोगशाळा जीएमपीखाली (गुड मॅन्युफॅक्चरिंग प्रॅक्टिस) येतात, तर सर्वसाधारण चाचणी-प्रयोगशाळांची क्षमता आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार जोखली जाते. ज्या कंपनीत अर्ज करायचा आहे तिथे यांपैकी कोणती चौकट चालते, एवढे तरी माहीत असावे. औषध-विश्लेषणाकडे जाऊ इच्छिणाऱ्याने आयसीएच या औषध-नियमांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू2 ही पद्धत-प्रमाणीकरणाची आणि क्यू1ए ही स्थिरतेची मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचावीत. दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत आणि फार लांबही नाहीत. औषधाच्या प्रवेगक स्थिरता-चाचणीची सर्वसाधारण अट 40 अंश सेल्सिअस, 75 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि सहा महिने अशी असते, हे माहीत असलेला नवपदवीधर उठून दिसतो.

प्रकल्पातील अपयश लपवणे

“उत्पादन किती टक्के मिळाले?” या प्रश्नाला ‘बावीस टक्के’ असे खरे उत्तर असते आणि विद्यार्थी ते संकोचाने सांगतो, किंवा वाढवून सांगतो. मुलाखत घेणाऱ्याला त्या आकड्याशी फारसे कर्तव्य नसते. अभिक्रिया का अडली असावी असे वाटले, ते तपासण्यासाठी काय केले, टीएलसीवर (अभिक्रिया किती पुढे गेली ते दाखवणाऱ्या झटपट चाचणीत) काय दिसले, उरलेले आरंभद्रव्य परत मिळाले का, पाणी किंवा ऑक्सिजन शिरल्याची शंका कशी दूर केली, हे त्याला ऐकायचे असते. तीन फसलेल्या प्रयत्नांची नीट मांडणी जो करू शकतो, तो कारखान्यात चौथी अडचण आल्यावरही गोंधळणार नाही, असा समोरच्याचा हिशेब असतो आणि तो योग्यच आहे.

प्रोसेस विभागासाठी आणखी एक तयारी लागते. तुमचीच अभिक्रिया शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कऐवजी शंभर लिटरच्या पात्रात करायची झाल्यास काय बदलावे लागेल, हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. आकारमान हजारपट होते, पण भिंतीचे क्षेत्रफळ साधारण शंभरपटच वाढते. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जाण्याचा पृष्ठभाग दहावा हिस्सा उरतो, आणि फ्लास्कमध्ये लक्षातही न आलेली उष्णता तिथे धोकादायक ठरते. म्हणून अभिकर्मक एकदम न ओतता हळूहळू सोडावा लागतो. सिलिका कॉलमऐवजी स्फटिकीकरण शोधावे लागते, डायएथिल ईथरसारखा अतिज्वलनशील द्रावक बदलावा लागतो, आणि रोटाव्हॅपवर (द्रावक उडवणाऱ्या फिरत्या उपकरणावर) कोरडे करण्याच्या सवयीला पर्याय काढावा लागतो. स्वतःच्या प्रबंधातील एकच अभिक्रिया घेऊन या मुद्द्यांवर एक पान लिहून काढावे. माझ्या मते मुलाखतीपूर्वीचा याहून चांगला अभ्यास नाही.

सुरक्षितता आणि नोंदी यांना औपचारिकता समजणे

2008 च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत टर्शरी-ब्युटिललिथियम सिरिंजने ओढताना ते सांडून पेटले आणि एका तरुण संशोधन-साहाय्यिकेचा नंतर मृत्यू झाला. त्या वेळी तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. या घटनेनंतर रासायनिक सुरक्षिततेकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळ बदलली. म्हणून ‘तुम्ही हाताळलेले सर्वांत धोकादायक रसायन कोणते आणि कोणती काळजी घेतली?’ या प्रश्नाला ‘हातमोजे आणि गॉगल घातला’ हे उत्तर पुरत नाही. त्या पदार्थाचे सुरक्षितता-पत्रक वाचले होते का, उरलेला अभिकर्मक कसा निष्क्रिय केला, कचरा कुठे टाकला, जवळचा अग्निशामक कोणत्या प्रकारचा होता, हे सांगता आले पाहिजे.

नोंदवहीचेही तसेच आहे. नियमनाखालील प्रयोगशाळांत नोंद कोणी केली ते कळणारी, सुवाच्य, काम होत असतानाच लिहिलेली, मूळ आणि अचूक असावी लागते. ही पाच लक्षणे ‘अल्कोआ’ या नावाने ओळखली जातात. सुट्या कागदावर वजने टिपून संध्याकाळी वहीत उतरवण्याची सवय महाविद्यालयातच मोडावी, कारण कंपनीत हीच गोष्ट गंभीर दोष ठरते.

कॅम्पस निवडीची केवळ वाट पाहणे

कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या थोड्या असतात आणि त्यांना हवी असलेली पदे त्याहून थोडी. तरीही अनेकजण शेवटच्या सत्रापर्यंत थांबतात आणि निवड झाली नाही की एकदम मोकळ्या मैदानात येतात. उन्हाळी इंटर्नशिप, विभागाच्या उपकरण-कक्षातील साहाय्यकाचे काम, पाणी किंवा खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील काही आठवडे, या संधी शेवटच्या वर्षाच्या आधीच घ्याव्यात. कंपनीच्या माहिती-सत्रात पगाराखेरीज एकही प्रश्न न विचारणे हीदेखील संधी घालवणेच आहे. नव्या माणसाला पहिले सहा महिने कोणते काम देतात, एवढे तरी विचारावे. आपल्या विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांशी बोलताना थेट नोकरी मागण्याऐवजी त्यांचा कामाचा दिवस कसा जातो हे विचारले, तर उत्तरे मनमोकळी मिळतात आणि पुढे जागा निघाली की नावही आठवते.

इंटर्नशिप केलेल्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. तिथल्या अप्रकाशित रचना, कृती किंवा ग्राहकांची नावे दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत सांगू नयेत. ‘औषध बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या एका संयुगाच्या (इंटरमीडिएटच्या) शुद्धीकरणावर काम केले, रचना गोपनीय आहे, पण पद्धत सांगू शकतो’ असे म्हटले की पुरे. गुपित फोडणारा उमेदवार उद्या आपलेही फोडील, हे समोर बसलेल्यांना लगेच कळते.

संशोधनाच्या जागांसाठी एकच ई-मेल सर्वांना पाठवणे

पीएचडीसाठी पन्नास प्राध्यापकांना एकच मजकूर गेला, की तो न वाचताच बाजूला पडतो. पाचच गट निवडावेत, प्रत्येकाचा अलीकडचा एक शोधनिबंध पुरवणी-माहितीसह वाचावा आणि त्यातील ज्या मुद्द्याशी आपल्या कामाचा खरोखर संबंध आहे, तो दोन वाक्यांत लिहावा. पात्रतेच्या अटी आधी पाहाव्यात. उदाहरणार्थ, युरोपातील मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्समध्ये भरतीपूर्वीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या किंवा आधीच डॉक्टरेट मिळालेल्या उमेदवाराला सहसा घेता येत नाही. अर्ज पूर्ण झाल्यावर हे लक्षात आले, तर कित्येक आठवडे वाया जातात. शिफारसपत्र मागताना शिक्षकांना किमान तीन आठवडे द्यावेत आणि सोबत जाहिरात, रेझ्युमे आणि आपण त्यांच्याकडे केलेल्या कामाचे मुद्दे पाठवावेत, म्हणजे त्यांना ‘मेहनती व हुशार’ यापलीकडचे काही लिहिता येते.

पैसे मागणाऱ्या जाहिरातीला उत्तर देणे

निवड होण्यापूर्वी प्रशिक्षण, अनामत किंवा कागदपत्र-पडताळणी यांच्या नावाखाली पैसे मागणारी ‘नोकरी’ तिथेच सोडून द्यावी. कंपनीच्या नावाशी न जुळणारा ई-मेल पत्ता, मुलाखतीविना आलेले नियुक्तिपत्र आणि आजच निर्णय घेण्याची घाई या तिन्हींपैकी एकही गोष्ट दिसली, तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील दूरध्वनीवर चौकशी करावी, आणि तोवर ओळखपत्राची किंवा बँक-खात्याची प्रत कोणालाही पाठवू नये.