निर्माल्याचा माठ

आमच्याकडे दर वर्षी अक्षय्य तृतीयेला नवा माठ येतो. गेल्या वर्षीच्या माठाची बारीक छिद्रं तोवर पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असतात आणि कितीही घासला तरी त्यात पाणी गार होत नाही. तो जुना माठ फोडू नका, कुणाला देऊही नका. निर्माल्याचं खत करायला त्याच्याइतकं चांगलं भांडं मला अजून सापडलेलं नाही.

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा सासूबाई आठवड्याचं निर्माल्य कापडी पिशवीत साठवायच्या आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदीत सोडायला घरातल्या कुणाला तरी पाठवायच्या. पुढे पुढे तिथल्या पाण्याजवळ उभं राहवेना. ही कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला जाऊन मिळते. म्हणजे सिंहस्थात ज्या क्षिप्रेत आम्ही डोकं बुडवून आलो, तिच्याकडेच आमच्या पिशव्या वाहत जात होत्या. हे एकदा लक्षात आल्यावर मला ते करणं जमेना. सासूबाईंची अडचण वेगळी होती आणि ती खरी होती: देवाला वाहिलेलं फूल पायदळी येऊ नये. दारात कचऱ्याची गाडी येते, ओल्या कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तो कचरा देवगुराडियाला जातो आणि तिथे 2022 च्या फेब्रुवारीत रोज साडेपाचशे टन कचऱ्यापासून गॅस करायची सोय सुरू झाली, हे सगळं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उष्ट्याबरोबर जाणार ना?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून निर्माल्यासाठी वेगळा माठ आला. त्यातलं खत घालायचं ते फक्त पूजेच्या झाडांना, म्हणजे तुळस, दूर्वा, जास्वंद, झेंडू, गोकर्ण यांना. देवाचं देवाकडेच परत जातं. या एका अटीवर त्या राजी झाल्या आणि ती अट मी आजही पाळते.

आता माठ कसा तयार करायचा ते सांगते. दहा-बारा लिटरचे दोन माठ लागतात: एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. माठ आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. कोरड्या माठाला भोकं पाडायला गेलात तर तो तडकतोच. माझे पहिले दोन माठ खिळा आणि हातोडीने गेले. ड्रिल असेल तर भिंतीला भोक पाडायचं टोक लावा, ठोके मारायची (हॅमरची) सोय बंद ठेवा आणि सावकाश, अजिबात जोर न लावता चालवा. तळाला पाच-सहा भोकं, आणि पोटावर चार-चार बोटांच्या अंतराने दोन ओळी. तोंडावर मातीचं झाकण किंवा जुनी परात ठेवा. माठ तिवईवर किंवा तीन विटांवर सावलीत ठेवा आणि खाली एक ताटली, पाझरलेलं पाणी धरायला.

तळाला नारळाच्या शेंड्या सुट्या करून दोन बोटं पसरा. पूजेतल्या शेंड्या आपण उगाच फेकतो. त्यांच्यामुळे तळाची भोकं बुजत नाहीत. त्यावर सुका पाला आणि मूठभर बागेतली माती. पहिल्यांदा करत असाल तर मूठभर शेण किंवा वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. पुढच्या वेळी जुन्या खताची एक मूठ पुरते, तेच विरजण.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे, पण ती दोन मिनिटं चुकवायची नाहीत. निर्माल्य माठात टाकण्याआधी हाताने चिवडायचं. हाराचा दोरा ओढून काढायचा. दोरा सुती आहे की नायलॉनचा याची शंका आली तर टोक उदबत्तीला लावून पाहा: सुती जळून राख होते, नायलॉन आकसून त्याची गोळी बनते. बाजारच्या हारांत आता दोऱ्याऐवजी बारीक तार असते, मध्ये चमकी, खाली जरीचा गोंडा. एकदा गजऱ्यातली अशी तार माझ्या अंगठ्यात शिरली होती, तेव्हापासून हार मी आधी उजेडात धरून बघते. उदबत्तीच्या काड्या बाजूला काढा. राख चिमूटभर चालते, जास्त झाली तर खत खारट होतं. तेलातुपाच्या जळक्या वाती नकोत, त्यांच्या वासाने उंदीर येतात. भडक गुलाबी कुंकवात आणि रंगीत अक्षतांत रंग कसले असतात देव जाणे, म्हणून त्या वेगळ्या काढते. साध्या हळदीच्या अक्षता, विड्याची पानं, केळीची सालं खुशाल जाऊ देत.

बेल आणि आंब्याची पानं चिवट असतात. तोरण उतरवलं की पानं कात्रीने बारीक करा, नाहीतर सहा महिन्यांनी चाळताना तशीच्या तशी हातात येतील. सत्यनारायणाचे केळीचे खुंट तर नुसतं पाणी असतात. त्यांच्या चकत्या करून दोन दिवस उन्हात टाका, मगच माठात घाला.

आणि दूर्वा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दूर्वांच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. जुडी ओली असताना माठात टाकली तर ती कुजत नाही, जगते, आणि मग खत जिथे जाईल तिथे दूर्वा उगवतात. माझ्या जास्वंदीच्या गमल्यात त्या अशाच आल्या आणि उपटता उपटता दोन पावसाळे गेले. गणपतीच्या दूर्वा आधी गच्चीवर कडक वाळवा, चुरा होईस्तोवर.

प्रमाण असं: एक ओंजळ निर्माल्य टाकलं की त्यावर दोन ओंजळी सुका पाला. फुलांत पाणी आणि नत्र भरपूर, पाल्यात कर्ब भरपूर, आणि खत होण्यासाठी दोन्ही लागतात. नुसती फुलं घातलीत तर ती सडतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी गणपतीत हेच झालं. दहा दिवसांचे हार, पत्री, केवडा, सगळं मी एका दमात माठात कोंबलं. पाला नव्हताच, कारण भाद्रपदात इंदुरात सुका पाला मिळणार कुठून? पाचव्या दिवशी नाकाला पदर लावावा लागला आणि झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळत होत्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. मी तो माठ वर्तमानपत्रावर पालथा केला, सगळं दिवसभर वाऱ्याला पसरलं, जुन्या वह्यांचे कागद फाडून मिसळले आणि पुन्हा सैल भरलं. तीन दिवसांत वास गेला. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. पण त्या आल्या म्हणजे आत ओल जास्त झाली, एवढं ओळखा.

तेव्हापासून पाल्याची बेगमी मी फाल्गुनातच करते. पिंपळ आणि कडुनिंब तेव्हा झडतात आणि कॉलनीच्या बगिच्यात सकाळी ढीगच्या ढीग लागलेले असतात. झाडणाऱ्या मावशी ते भरायच्या आत दोन पोती भरून आणते आणि जिन्याखाली ठेवते. श्रावण ते दिवाळी, जेव्हा घरात निर्माल्य सगळ्यात जास्त असतं, तेव्हा हीच पोती उपयोगी पडतात.

आठवड्यातून एकदा काठीने ढवळा. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळतं: मूठभर घेऊन आवळा, बोटांतून थेंब पडला तर पाला घाला, मूठ उघडताच भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा, लाडवासारखं नुसतं वळलं तर हात लावू नका. वैशाखात आमच्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा माठ दोन दिवसांत कोरडा पडतो आणि काम थांबतं. तेव्हा रोज पेलाभर पाणी. भरलेला माठ उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत तयार होतो, पौष-माघाच्या थंडीत तीन महिनेही घेतो. तयार झाल्याची खूण म्हणजे वास. झाकण काढल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की समजा झालं. फूल कुठलं, पान कुठलं, ते ओळखू येत नाही. जुन्या चाळणीने चाळा, वर राहील ते पुढच्या माठात. भरलेल्या माठाचं हाती येतं जेमतेम चौथा हिस्सा, पण तेवढं पुरतं.

खत थेट मुळांशी ओतायचं नसतं. आमची माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि गमल्यात नुसती तीच भरली तर तुळशीची मुळं गुदमरतात. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग हे खत, असं मिसळून घ्या. नंतर दर महिन्याला मूठभर खत कडेकडेने पसरून वरची माती खुरप्याने हलवायची. डिसेंबर-जानेवारीत तुळस पानं टाकते, ती थंडीने. तेव्हा खत घालू नका, पाणीही कमी करा आणि रात्री गमला भिंतीच्या आडोशाला घ्या. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, नाहीतर झाड सगळी ताकद बियांत घालवतं आणि लवकर लाकूड होतं. खुडलेल्या मंजिऱ्या देवाला, वाळल्यावर त्यांचं बी नव्या गमल्यात, मातीच्या अगदी वरच्या थरात. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत रोपं दिसतात. मी तुळशीच्या लग्नानंतर बी जमवते आणि चैत्रात पेरते. रविवारी, एकादशीला, द्वादशीला तुळस तोडत नाहीत, तेही पाळते. रोज ओरबाडल्या जाणाऱ्या झाडाला तेवढीच उसंत मिळते. अभिषेकाचं दूध-साखरेचं पाणी मात्र तुळशीला नको, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. ते बादलीभर पाण्यात मिसळून जास्वंदीला घाला.

झेंडूचं बी तर दसऱ्याच्या तोरणातच असतं. फुलं दोऱ्यावरच वाळू द्या आणि कागदाच्या पुडीत ठेवा, पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरसतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पाकळ्या चुरडून काळं, शेपूट असलेलं बी विस्कटायचं. नवरात्रात पुन्हा तोरण. बाजारच्या मोठ्या झेंडूचं बी तसंच फूल देईल असं नाही, पण देव काही मापं घेत नाही.

गणपती शाडूचा असेल तर घरीच बादलीत विसर्जन करा, एक-दोन दिवसांत माती बसते. ती चिकण माती गमल्यात तशीच घालू नका, दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यात झाडाला खायला फारसं काही नसतं. एखादी मूठ मिसळली तर ठीक. आम्ही ती वाळवून पिशवीत ठेवतो आणि पुढच्या श्रावणात भिजवून तिचाच गणपती करतो. वरचं पाणी बागेला.

शेवटी दूर्वांचा ट्रे, कारण सगळ्यात जास्त समाधान मला त्याचं आहे. चार बोटं खोल, तळाला भोकं असलेला कुठलाही पसरट ट्रे घ्या. वर सांगितलेली माती भरा, पेरं असलेले दूर्वांचे तुकडे आडवे टाकून वर पातळ माती पसरा. ऊन हवंच, सावलीत दूर्वा लांबट आणि पिवळ्या होतात. दर पंधरा दिवसांनी कात्रीने छाटल्या की कोवळे तीन पानांचे शेंडे फुटत राहतात. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी पाणी घाला, सकाळी खुडा. सासूबाईंना आता गच्चीचा जिना चढवत नाही, म्हणून ट्रे मी खाली ओटल्यावर ठेवला आहे, सकाळचं ऊन तिथेही येतं. एकवीसची जुडी त्याच मोजून बांधतात, आणि संध्याकाळी कालच्या जुड्या वाळल्या का ते बोटांनी चुरून बघून मगच माठाचं झाकण उघडतात.