अण्णांच्या पाकिटातले शेअर सोडवताना

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. 2022 मध्ये ते गेले. दिवस झाल्यावर कपाटाचा खालचा खण आवरताना जुन्या चोपड्यांमध्ये एक खाकी पाकीट सापडलं, त्यात अकरा शेअर सर्टिफिकेटं. आई म्हणाली, "हो, कागद आहेत काही, असं म्हणायचे." ते कागद तिच्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या खात्यात, यायला दीड वर्ष लागलं, कारण मी सुरुवातीला उलट्या क्रमाने गेले. म्हणून सरळ क्रम इथे लिहून ठेवते.

पहिल्या दिवशी एकच काम करा: प्रत्येक सर्टिफिकेटचा पुढून आणि मागून फोटो. लॅमिनेशन मुळीच नको. मागची बाजू नीट वाचा, बहुतेक लोक ती उलटूनच बघत नाहीत. शेअर बाजारातून घेतलेला असेल तर पुढे छापलेलं नाव पहिल्या मालकाचं असतं आणि मागे शिक्क्यासह लिहिलेलं शेवटचं नाव खऱ्या मालकाचं. पब्लिक इश्यूत, म्हणजे थेट कंपनीकडे अर्ज करून, मिळालेला असेल तर कॉलचे पैसे, म्हणजे शेअरच्या किमतीचे नंतर मागितलेले हप्ते, भरल्याचे शिक्के आहेत का तेही पाहा. कॉल भरलेला नसेल तर शेअर जप्त झालेले असू शकतात. सर्टिफिकेटला ट्रान्सफर डीड (विकणाऱ्याने शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी दिलेला फॉर्म) टाचलेलं असेल आणि मागे आपल्या माणसाचं नाव चढलेलंच नसेल, तर ते प्रकरण कठीण आहे. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरची खरेदी-विक्रीची नोंद बंद झाली. वारसाच्या नावावर चढवणं मात्र चालू आहे, आपला रस्ता तोच.

मग कंपनी शोधा. कागदावरचा पत्ता विसरा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कंपनी चालू आहे, बंद पडली की अवसायनात (मालमत्ता विकून गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेली, हे फुकटात कळतं. आमच्या अकरापैकी चार तिथेच संपल्या. मात्र नाव सापडलं नाही म्हणून कागद रद्दीत टाकू नका. अण्णांकडे ब्रुक बाँडचा कागद होता. ती कंपनी 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, आणि लिव्हर 2007 पासून हिंदुस्थान युनिलिव्हर आहे. त्यात 2000 साली लिव्हरच्या 10 रुपयांच्या एका शेअरचे 1 रुपयाचे दहा झाले. म्हणजे कागदावरचा आकडा आजचा आकडा नव्हे, कागद पाहून हिशोब मांडत बसू नका.

खरा आकडा रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात त्याचं नाव-पत्ता मिळतो. त्याला सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर (भागधारकाचा खाते क्रमांक) देऊन तीनच प्रश्न विचारा: आज किती शेअर आहेत, किती लाभांश पडून आहे, आणि शेअर आयईपीएफकडे गेलेत का. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअर या सरकारी निधीकडे जातात. जातात म्हणजे बुडत नाहीत, हक्क कायम राहतो. हे उत्तर हातात येईपर्यंत एकही स्टॅम्प पेपर विकत घेऊ नका. मी घेतले होते, सगळे वाया गेले.

आता नावं. सर्टिफिकेटवर दुसरं नाव असेल आणि ती व्यक्ती हयात असेल तर काम निम्मं होतं: मृत्यूचा दाखला आणि केवायसी देऊन गेलेल्याचं नाव कमी करायचं. दुसरं नाव नसेल, नॉमिनीही नसेल, तर एका कंपनीतल्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या कागदी शेअरसाठी प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची ना-हरकत यांवर भागतं. त्याच्या वर रक्कम गेली की मृत्युपत्र किंवा कोर्टाचा दाखला आला. भावंडांशी आधी बोला, सह्या नंतर मागा.

आमचं घोडं मात्र स्पेलिंगवर अडलं. आईच्या नावातला 'शी' सर्टिफिकेटवर एका 'आय'ने लिहिलेला, आधारवर दोन 'ई' घालून. अण्णांची तर नुसती आद्याक्षरं. आधार, पॅन, बँक पासबुक आणि मृत्यूचा दाखला शेजारी ठेवून सगळी स्पेलिंगं एका कागदावर उतरवा, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून घ्या. रजिस्ट्रार एका वेळी एकच त्रुटी दाखवतो, प्रत्येक फेरी महिन्याची.

फॉर्मांपैकी आयएसआर-2 सगळ्यात छळतो, कारण त्यावर बँक मॅनेजरने सही पडताळून शिक्का द्यायचा असतो. आईच्या शाखेत "असं आम्ही देत नाही" म्हणून तिला दोनदा परत पाठवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला काठी टेकत दोनदा जिना चढायला लावला, याचा राग अजून गेलेला नाही. पेन्शनचे दिवस टाळून जा, फॉर्मवरचा बँकेचा मजकूर अधोरेखित करून न्या, आणि निघण्याआधी मॅनेजरचं नाव व कर्मचारी क्रमांक लिहिलाय ना ते तिथेच तपासा.

शेअर आयईपीएफकडे गेले असतील तर आधी कंपनीकडून एन्टायटलमेंट लेटर, म्हणजे त्या शेअरवर आपला हक्क असल्याचं पत्र, घ्या, मग आयईपीएफ-5 फॉर्म ऑनलाइन भरा, आणि पावतीसह कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (या कामासाठी नेमलेल्या माणसाला) पाठवा. या फॉर्मला फी नाही. हे ठासून सांगते, कारण एका एजंटाने आमच्याकडे शेअरच्या किमतीचा चौथा हिस्सा मागितला होता. आमचा खरा खर्च स्टॅम्प, नोटरी आणि स्पीड पोस्टचा.

2023 मध्ये शेअर नावावर झाल्याचं रजिस्ट्रारकडून आईला जे पत्र आलं त्याची मुदत 120 दिवस होती; तेवढ्यात डीमॅटची विनंती करायची. खातं तिच्या नावाने आधीच उघडलं होतं म्हणून धावपळ झाली नाही.

अलॉटमेंटची, म्हणजे कंपनीने शेअर दिल्याची, जुनी पत्रं सांभाळून ठेवा. वारसाने शेअर विकला की करासाठी खरेदी किंमत मूळ मालकाची धरतात. शेअर जुना असेल तर 31 जानेवारी 2018 चा भावही बघावा लागतो. आमच्याकडे त्यातल्या दोनच कंपन्यांची पत्रं निघाली, पेढीच्या 1986 च्या चोपडीत, हळदीच्या पोत्यांच्या नोंदींशेजारी टाचलेली.