फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी सुधारली? पाणथळीची तब्येत तपासताना या चुका टाळा

हिवाळा सुरू झाला की ठाणे खाडीकाठच्या ऐरोली-वाशीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गुलाबी थव्यांचे फोटो येऊ लागतात, आणि खाली ठरलेलं वाक्य असतं, "बघा, खाडी किती सुधारली!" सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

ठाणे खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंमध्ये मोठी संख्या लहान रोहिताची (लेसर फ्लेमिंगोची) असते. चोच उलटी पाण्यात बुडवून, मान हलवत तो सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्यातही मुख्यतः नील-हरित शेवाळ. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस आला की हेच शेवाळ फोफावतं. म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या शहरांचं मैलापाणी त्याचं ताट भरायला हातभारच लावतं. 2015 साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 साली ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. हे संरक्षण हवंच होतं आणि ते टिकलंच पाहिजे. पण थवा मोठा दिसला म्हणून पाण्याला चांगल्या प्रकृतीचा दाखला देऊ नका. थवा एवढंच सांगतो, की लहान रोहिताला खायला भरपूर आहे.

मग बघायचं काय? चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या चोचींची लांबी बघा. मालगुजा लांब चोच चिखलात खोल खुपसतो, तुतवार वरच्या थरात टोचतो, चिखल्या चार पावलं धावून पृष्ठभागावरचा किडा उचलतो. हे सगळे एकाच पट्ट्यावर चरत असतील, तर चिखलात प्रत्येक थराला जीव आहे. त्याउलट नाल्याच्या तोंडाशी नुसते लांब लाल पायांचे शेकाटेच गर्दी करून उभे असतील, तर तिथला चिखल जरा उकरून पाहा. काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा आणि त्यात बारीक लाल अळ्या. ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या गाळातही या अळ्या तग धरतात आणि शेकाट्यांना त्या आवडतात. पक्षी शेकड्यांनी असतात, पण चिखल आजारी असतो.

पांढरं दिसलं की "बगळा" लिहून मोकळं होणं हीसुद्धा नेहमीची चूक. आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा गायबगळा गवतातले आणि कचऱ्यावरचे किडे खातो, त्याच्यावरून पाण्याबद्दल काहीच कळत नाही. काळी चोच, काळे पाय आणि पायाची बोटं मात्र पिवळी, तो लहान बगळा. तो उथळ पाण्यात मासे धरतो. दोघांची नोंद वेगळी हवी. खंड्या आणि सुरय हवेतून मासा हेरून सूर मारतात. ते एखाद्या जागेवरून हळूहळू दिसेनासे झाले, तर पाणी गढूळ झालंय का, मासा कमी झालाय का, हे तपासायला घ्या. मासा कमी झाला का, हे काठावरच्या दिवाळे किंवा सारसोळे गावच्या कोळ्यांना विचारा, ते नेमकं सांगतील.

भरतीची वेळ न बघता गेलात, तर वरचं सगळं व्यर्थ. मी नवखी असताना जानेवारीतल्या एका सकाळी सात वाजता नेरुळच्या पाणथळीवर मोजायला गेले. पक्ष्याचं पीसही नव्हतं. मी वहीत लिहिलं, "जागा ओस पडली आहे." शेजारी जाळं सोडवत बसलेले एक काका म्हणाले, "पोरी, पाणी बघून यावं. आता ते बाहेर चिखलावर चरायला गेलेत. भरती चढली की येतील इथं." तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते, हा हिशेब त्यांनीच शिकवला. त्या दिवशी द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दुपारी एकच्या सुमाराला परत गेले, तर खाडीकडून एकामागून एक रांगा उतरत होत्या.

ओहोटीला खाडीचा उघडा चिखल हे त्यांचं जेवणघर आणि भरतीला आतली उथळ तळी ही विसाव्याची जागा. दोन्ही लागतात. म्हणून तळ्यात ओहोटीला पक्षी नसले तर घाबरू नका. भरतीलाही नसले, आणि तेही ऐन हंगामात, तर मात्र काळजी करा. जानेवारीचा आकडा जूनशी ताडून "पक्षी घटले" म्हणणं तर अगदीच चुकीचं. पावसाळ्यापर्यंत बहुतेक पाहुणे परतलेले असतात.

आता झाडं. "कांदळवन वाढलं, म्हणजे खाडी निरोगी" हा समज फार रुजलेला आहे. कांदळवनातली, म्हणजे खारफुटीतली, तिवराची झाडं खारटपणा, प्रदूषण, गाळ असं बरंच काही सोसतात. खाडी गाळाने उथळ होत जाते तशी ती पुढे सरकतात आणि उघडा चिखल आक्रसतो. हिरवळ वाढते, पण मालगुज्याचं जेवणघर कमी होतं. म्हणून सोबत चिपी, कांदळ, मारांडी ही खारफुटीची इतर झाडं-झुडपं आहेत का, झाडांखाली नवी रोपं उगवताहेत का आणि चिखलातून वर आलेली श्वासमुळं मोकळी आहेत की प्लॅस्टिकखाली गाडली गेली आहेत, हे जवळ जाऊन बघा.

याची उलटी चूकही होते. पावसाळा सरता सरता तिवरांचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडतात आणि "कुणीतरी विष टाकलं" अशी बोंब उठते. असं दिसलं की एक फांदी हातात घ्या. पानं कुरतडलेली, जाळीदार झालेली आणि त्यावर गडद अळ्या दिसल्या, तर तो एका पतंगाच्या अळ्यांचा हल्ला आहे. सागाची पानं खातो तोच हा पतंग. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. घाईने औषध फवारायला लावू नका.

पण पानं कुरतडलेली नसताना झाड निष्पर्ण, राखाडी झालं असेल आणि श्वासमुळं दिवसरात्र पाण्याखाली असतील, तर मामला गंभीर आहे. अशा जागी काठाला पाणकणीस हे तपकिरी कणसाचं उंच गवत शोधा. ते गोड्या पाण्यावर जोमाने वाढतं. जिथे रोज दोनदा खारं पाणी यायला हवं तिथे पाणकणसाची भिंत उभी राहिली, म्हणजे भरतीची वाट अडली आहे आणि आत पावसाचं किंवा गटाराचं पाणी साचतंय. 2024 मध्ये नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं, तेव्हा शेवाळाचा जाड थर सगळ्यांनीच पाहिला. अशा वेळी नुसता मेलेल्या झाडांचा फोटो पाठवून भागत नाही. उधाणाच्या भरतीला रस्त्याखालच्या मोरीपाशी उभे राहा. पाणी आत शिरतंय का? दोन्ही तोंडांचे फोटो काढा, वेळ लिहा. तक्रारीत वजन याच पुराव्याला असतं.

ठाण्याच्या गोड्या तलावांवर मोजमाप वेगळं. जलपर्णीने हिरवागार झालेला तलाव निरोगी नसतो, तिच्याखाली पाण्याला ऑक्सिजन मिळत नाही. मुद्दाम लावलेली कमळंही खूण म्हणून धरू नका. कमळपक्षी किंवा टिबुकली पिल्लं घेऊन फिरताना दिसली, तर ती मोलाची नोंद.

आणि वहीत शून्य लिहायला कचरू नका. पक्षी दिसले नाहीत म्हणून नोंदच न करता परतणारे बरेच असतात, आणि पाच वर्षांनी तुलना करायची वेळ येते तेव्हा नेमकी तीच पानं कोरी सापडतात. तीच जागा, तोच महिना, भरतीची तीच अवस्था. तारीख, तिथी, मोरी उघडी की बंद, आणि पुढे ठळक शून्य.